शुक्रवारच्या भोंग्यापर्यंत

आमच्या गोदीत माणसाला घरी पाठवायच्या तीन तऱ्हा होत्या आणि तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता. पाऊस लागला की बसवून ठेवायचे. पाऊस थांबला की परत कामावर, फार तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. जहाज पुरं झालं की मोकळं करायचे. म्हणजे तुमचं काही चुकलं नाही, काम संपलं, नोकरीच्या कार्डावरचा शेरा स्वच्छ. सोमवारी नदीकाठच्या दुसऱ्या कुठल्याही गोदीच्या फाटकाशी ताठ मानेनं उभं राहा, नाहीतर बेकारभत्ता घ्या. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे हाकलणं. हाकललेल्याला सहा आठवडे सरकार एक पेनी देत नसे आणि क्लाइड नदीच्या दोन्ही काठांवरचा एकही फोरमन त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. गोदीशेजारच्या गोव्हन वस्तीतल्या बायकांना हे शास्त्र तोंडपाठ होतं. नवरा जिना चढून दारात आला की तोंड बघूनच त्या ओळखायच्या, मोकळा होऊन आलाय की हाकलून दिलाय.

१९३० सालचा ऑक्टोबर होता. मी मर्डो लेंग, जहाजाचे पत्रे जोडायला तापलेली रिबिटं ठोकणारा. डूगल रँकिन आणि मी परांचीवर समोरासमोर उभे राहून अकरा वर्षं एकाच रिबिटावर हातोडे घातले. त्याचा पडला की माझा, माझा उठला की त्याचा. दोन हातोड्यांत बोटभर अंतर, पण अकरा वर्षांत एकदासुद्धा एकमेकांना खरचटलं नाही. डूगल आमच्या टोळीचा मुख्य हात. पत्र्याच्या आतल्या बाजूनं घण टेकवून धरणारा एक माणूस होता आणि भट्टीवर रिबिटं तापवायला हेक्टर. हेक्टरचं वय छप्पन्न, दात सहा, पण भट्टीवरच्या माणसाला पोरगाच म्हणायचं अशी रीत असल्यामुळे त्याला अख्खी गोदी पोरगा म्हणायची. मी सडाफटिंग. डूगलच्याच घरी भाड्यानं राहायचो, त्याच्या बायकोच्या, एफीवहिनीच्या हातचा खिमा-बटाटा खायचो. दोन खोल्या, चार पोरं आणि मी.

त्या सोमवारी सकाळी एफीवहिनीनं माझ्यापुढं लापशीची वाटी आदळली आणि डूगल बूट घालायला बाहेर गेलेला बघून माझ्या कानाशी आली.

"भावजी, कॅलमचा निरोप आलाय." कॅलम म्हणजे तिचा भाऊ, पोर्ट ग्लासगोच्या गोदीत मुख्य हात. "त्याच्या टोळीत एक जागा आहे. पुढच्या सोमवारपासून. दोन वर्षांचं काम आहे तिथं."

"मग झालं की वहिनी! एवढं तोंड का पाडलंय?"

"त्यांच्या फोरमनची अट आहे. कार्ड स्वच्छ पाहिजे. आणि तुमचा तो अर्धकान्या ह्यांना सुखासुखी मोकळं करेल असं वाटतंय तुम्हाला? काहीतरी उकरून काढणार. ह्यांचा हात उठायचीच वाट बघणार." तिनं माझं मनगट धरलं. "शुक्रवारच्या भोंग्यापर्यंत ह्यांचे हात सांभाळा. मग मी बघते."

मी हो म्हटलं. म्हणायला काय जातं!

अर्धकान्या म्हणजे आमचा फोरमन गिलफिलन. त्याचा डावा कान वरून अर्धा नाहीसा होता आणि तो कान माझ्यामुळं गेला होता. हे मला माहीत होतं, आणि गिलफिलनला वाटत होतं की डूगलमुळं गेला. ते कसं, ते सांगतो.

फोरमन लोक गोदीत काळी, गोल, कडक टोपी घालायचे. ती काही शोभेसाठी नव्हती. वरून रिबिट पडायचं म्हणून होती, आणि रिबिट काही वाऱ्यानं पडत नाही. फोरमन फारच माजला की परांचीवरून एक थंड रिबिट त्याच्या टोपीच्या मधोमध सोडायचं, टण्ण! फोरमन वर बघून सात पिढ्यांचा उद्धार करायचा, वरचे सगळे भोळे चेहरे करून काम करत राहायचे, संपलं. पण तीन वर्षांपूर्वी गिलफिलननं हेक्टरला सगळ्यांसमोर म्हातारं कुत्रं म्हटलं आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की थंड रिबिट शोधायला मी थांबलोच नाही. हेक्टरनं नुकतंच टाकलेलं लालभडक रिबिट सांडशीनं उचललं आणि सोडून दिलं. ते टोपीच्या काठावरून घसरलं आणि कानाला चिकटून गेलं. माणूस कसा ओरडला ते अजून ऐकू येतं. मांस जळाल्याचा वास तीस फूट वर आला.

तो रक्ताळलेला वर आला आणि ओरडला, "कुणी?"

आता आमच्यात दुसरी एक रीत होती. टोळीच्या हातून काहीही वाईट झालं की मुख्य हातानं म्हणायचं, माझं. विचारणाऱ्यानं पुढं विचारायचं नाही आणि खऱ्या गुन्हेगारानं जन्मात तोंड उघडायचं नाही. डूगल म्हणाला, "माझ्या सांडशीतून सुटलं, साहेब." सुटलं म्हणजे अपघात. अपघातासाठी हाकलला असता तर अख्खी गोदी हत्यारं खाली ठेवून बाहेर पडली असती आणि जहाज पाण्यात सोडायला तर बाराच दिवस उरले होते. गिलफिलन गप्प बसला. पण त्यानं डूख धरला तो धरलाच.

आता १९३० साली आमचं शेवटचं जहाज होत आलं होतं. पुढचं येणार नव्हतं, सगळ्या नदीवरच कुठं येत नव्हतं. शुक्रवारी आमच्या टोळीसकट दोनशे माणसं मोकळी व्हायची होती. कार्डांवर सही करणार गिलफिलन. आणि त्याला डूगल नुसता मोकळा करायचा नव्हता, हाकलायचा होता. त्यासाठी कारण लागतं. फोरमनवर हात टाकला की त्याहून मोठं कारण नाही, मग युनियनचा बापसुद्धा मध्ये पडू शकत नाही.

मंगळवारी तो परांचीवर आला आणि आमचे चहाचे डबे एकेक करून बुटानं खाली ढकलले. शेवटचा डबा डूगलचा. "पाय लागला रे," म्हणाला. डूगलनं वर पाहिलं नाही.

बुधवारी हेक्टरची पाळी. रिबिट नीट तापलं नाही म्हणत गिलफिलननं हातातली मापाची काठी त्याच्या तोंडावर ओढली. हेक्टरचे सहाचे पाच दात झाले. तो भट्टीजवळ गुडघे टेकून रक्त थुंकत होता आणि तशात मला डोळ्यानं खुणावत होता, डूगलला धर म्हणून. मी डूगलच्या पट्ट्याला मागून हात घातला. त्याची पाठ थंडीतल्या घोड्यासारखी थरथरत होती.

"काय रे रँकिन," गिलफिलन हसला, "बायकोनं बजावलंय वाटतं? मार की एक. एकच मार. तुझं मन हलकं होईल आणि माझं कामही."

"काम करू द्या साहेब," डूगल म्हणाला. त्यानं खालचा ओठ चावला होता, हनुवटीवरून रक्ताचा ओघळ येत होता.

गुरुवारी काठी डूगलच्याच पाठीवर बसली. तीन वेळा. पत्रा किती वाकलाय ते दाखवायच्या निमित्तानं. मी तडाखे मोजले नाहीत असं नाही, मोजले. प्रत्येक तडाख्याला डूगल हातोडा घालत राहिला आणि मी त्याच्या मागोमाग माझा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. घरी आल्यावर वहिनीनं त्याचा सदरा सोलून काढला, कारण तो पाठीला चिकटला होता. तिनं गरम पाण्यात फडका पिळला आणि माझ्याकडं बघून फक्त एवढंच म्हणाली, "एक दिवस राहिला."

शुक्रवारी दुपारपर्यंत गिलफिलन फिरकलाच नाही. मला तर वाटलं सुटलो. भोंगा पाच वाजता. साडेतीनला आमची शेवटची ओळ चालू होती, जहाजाच्या मागच्या अंगाला, जमिनीपासून चाळीस फूट वर. हेक्टर रिबिटं फेकत होता आणि फुटक्या तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. तेवढ्यात शिडीवर ती काळी टोपी दिसली.

त्याच्या हातात आमची चार कार्डं होती. "सह्या नाही केल्या अजून," तो म्हणाला. "म्हटलं जाता जाता भेटून यावं. जुनी ओळख आहे." तो परांचीच्या फळीवर आमच्यापासून चार हातांवर येऊन उभा राहिला आणि खाली वाकून बघू लागला. "रँकिन, तुझा भाऊ इथूनच पडला होता ना? का पुढच्या फळीवरून?"

डूगलचा धाकटा भाऊ रॉनी. सहा वर्षांपूर्वी. वय एकोणीस. फळी सडकी होती हे सगळ्या गोदीला माहीत होतं आणि गिलफिलननं कागदावर लिहिलं होतं, स्वतःचा हलगर्जीपणा. त्यांच्या आईला छदाम मिळाला नाही.

"डूगल, माझ्याकडं बघ," मी म्हणालो. "रिबिट बघ. मार."

त्यानं मारलं. मी मारलं. त्यानं मारलं.

"खरवडून काढला आम्ही त्याला," गिलफिलन म्हणाला. "फावड्यानं. दारूचा असा भपकारा होता की मला तर ओकारी आली. तुमच्या घरात कुणाच्याच हातात पकड नाही रे. तुझी ती चार पिल्लं तरी…"

डूगल वळला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. नुसता वळला आणि हातोडा डोक्यावर गेला. मी त्याचा तो हातोडा अकरा वर्षं ओळखत होतो. किती वर गेला की कुठं आणि किती जोरानं पडणार, हे माझ्या हाडांना माहीत होतं. तो गिलफिलनच्या कपाळावर पडणार होता आणि ती टोपी बिपी काही त्याला अडवणार नव्हती. मग हाकलणं राहिलं बाजूला, डूगल फासावर गेला असता.

माझा हातोडा आधीच वर होता. माझीच पाळी होती ना. मी तो आडवा घातला, त्याच्या हातोड्याच्या दांड्यावर. दांड्यावरच घातला होता. पण तो वळलेला होता, अंतर बोटभर चुकलं आणि माझा हातोडा त्याच्या उजव्या मनगटावर बसला.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. डूगलचा हातोडा सुटून खाली गेला, खूप वेळानं खालून ठण्ण असा आवाज आला. तो फळीवर कोसळला. हात कोपरापासून एका दिशेला आणि पंजा भलत्याच दिशेला, आणि मनगटाच्या आतल्या बाजूनं पांढरं हाड बाहेर आलेलं. हेक्टर सांडशी टाकून धावला. मी तसाच उभा. हातात हातोडा, त्याच्या टोकाला डूगलचं रक्त.

गिलफिलन पत्र्याला पाठ लावून उभा होता. तोंड पांढरं फटक पडलं होतं, विजारीचा पुढचा भाग ओला झाला होता. जिवावरचं कानावर गेलं होतं म्हणा पूर्वी, आज तेवढ्यावरही भागलं नसतं. श्वास सापडल्यावर त्यानं पहिल्यांदा विचारलं ते हेच. "कुणी? कुणी मारलं? लेंग, तू मारलंस ना?"

कामगारांनी आपसांत मारामारी केली तरी शिक्षा तीच, हाकलणं. मी तोंड उघडलं. पण डूगल फळीवरूनच बोलला, दात वाजत होते त्याचे.

"माझं. माझाच हात मध्ये आला, साहेब. घसरला. लिहा."

मग गिलफिलननं खाली वाकून ते मनगट नीट निरखलं, खाटीक मांस बघतो तसं. आणि त्याच्या तोंडावर हळूहळू रंग परत आला. तो हसला. त्यानं खिशातून पेन्सिल काढली, पत्र्यावर कार्ड टेकवून सही केली आणि ते डूगलच्या छातीवर ठेवलं.

"जा. मोकळा केला तुला. एकदम स्वच्छ कार्ड आहे. कुठल्याही गोदीत दाखव, म्हणावं हातोडा द्या."

आम्ही डूगलला दोरानं बांधून फळीवरून खाली उतरवला आणि हातगाडीवर घालून दवाखान्याकडं नेलं. फाटकाशी त्यानं हेक्टरला आपल्याजवळ ओढलं आणि मला डाव्या हातानं मागं लोटलं. "तू जा. तुझं कार्ड घे आणि सरळ घरी जा. दुसरं काही करू नकोस. ऐकलंस?"

ऐकलं. पण कानात गेलं ते डोक्यात जाईल तर शपथ! मी फाटकाशी उभा राहिलो आणि मला सारखं ते हसू दिसत होतं. तीन वर्षं दुसऱ्याच्या पदरात घातलेली चूक माझी होती. कान मी जाळला. मनगट मी मोडलं. आणि मला काय मिळणार, तर स्वच्छ कार्ड! मला ते नको होतं. निदान एवढं तरी माझ्या नावावर लागावं असं वाटलं. मी वळलो आणि गिलफिलनच्या लाकडी खोपटात शिरलो.

तो कोरडी विजार घालून टेबलाशी बसला होता. मी दार लावून घेतलं.

"ते रिबिट मी टाकलं होतं," मी म्हणालो. "तुझा कान मी जाळला. डूगलनं नाही. आणि आज त्याचा हात मी मोडला. लिही कार्डावर. हाकल मला."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. कानाच्या त्या थोट्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता उठेल. पण तो सावकाश म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं मी भलत्यालाच झोडत होतो होय? आणि तू बघत होतास?" मग त्यानं माझं कार्ड ओढलं, सही केली आणि माझ्यापुढं सरकवलं. "मोकळा. तुला हाकलून तुझं पाप कशाला धुऊ मी? हे घे. जिथं जाशील तिथं दाखव, आणि दाखवताना दरवेळी त्याचं मनगट आठव."

पहिला ठोसा मी त्याच्या नाकावर मारला. खुर्चीसकट तो मागं गेला. मग मी टेबल उलटून त्याच्या छातीवर टाकलं आणि वर चढलो. दुसऱ्यानं दात गेले, एक माझ्या बोटाच्या सांध्यात रुतून बसला, ती खूण अजून आहे. प्रत्येक ठोशाला मी मोठ्यानं म्हणत होतो. हा हेक्टरचा. हा रॉनीचा. हा डूगलचा, हा डूगलचा, हा डूगलचा. त्याची टोपी हाताला लागली तेव्हा मी ती त्याच्या तोंडात कोंबली. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. आयुष्यात एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. दार फोडून तिघं जण आत आले तेव्हा त्याचा जबडा लोंबत होता. त्यांनी मला लाकडाच्या दांडक्यांनी बडवलं, मी पडल्यावरही बडवलं, आणि पोलीस येईपर्यंत माझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. तेवढ्यात पाचचा भोंगा झाला. दुसऱ्या फोरमननं माझं कार्ड जमिनीवरून उचललं, मोकळा खोडलं आणि त्यावर हाकलला असं लिहिलं. मी रक्तानं भरलेल्या तोंडानं हसलो.

शनिवारी सकाळी डूगल कोठडीशी आला. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, कोट नुसता खांद्यावर टाकलेला. तो गजांपाशी उभा राहिला आणि कितीतरी वेळ माझ्या सुजलेल्या तोंडाकडं बघत राहिला. मला वाटलं शाबासकी देईल.

"तोंड का उघडलंस?" तो म्हणाला. "गिलफिलननं पोलिसांना सगळं लिहून दिलंय."

"खरं बोललो. तीन वर्षं पोटात सलत होतं."

"खऱ्यावर चूल पेटते काय रे? ते रिबिट कुणाचं हे मला काय माहीत नव्हतं? शेजारीच उभा होतो मी."

मी बाहीनं तोंडातलं रक्त पुसलं.

"मनगट दोन ठिकाणी मोडलंय. डॉक्टर म्हणाला चमचा धरता येईल, हातोडा नाही. फळीवर पडल्या पडल्याच मला कळलं होतं ते. दवाखान्यातनंच हेक्टरला कॅलमकडं पिटाळला. निरोप धाडला, मी येत नाही, मर्डो येतोय. त्याचा हात माझ्याइतकाच आहे. कॅलम हो म्हणाला. हेक्टर सातच्या गाडीनं हो घेऊन परत आला. आणि घरी बघतो तर पोलीस तुझं सामान तपासतायत."

मी गज धरले.

"त्या अर्धकान्यासमोर पाठीवर पडून खोटं बोललो ते तुझ्यावरच्या मायेनं नाही बोललो, मर्डो. चार पोरं आहेत म्हणून बोललो. आपल्या घरात एक तरी स्वच्छ कार्ड आणि एक तरी धड हात एका माणसाजवळ हवा होता. हात तुझा होता. कार्डही मिळालं होतं तुला. सही झाली होती."

"मला सांगायचंस ना डूगल," मी म्हणालो.

"सरळ घरी जा म्हणालो होतो."

बाहेरून पोलीस वेळ झाली म्हणून ओरडला. सोमवारी मला साठ दिवसांची शिक्षा झाली. कॅलमनं तिसऱ्याच माणसाला घेतलं. डिसेंबरात डूगलची दोन पोरं वहिनीच्या मावशीकडं, दूर एका बेटावर पाठवावी लागली, ती पुन्हा या घरात राहायला आली नाहीत. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी एवढंच विचारलं, "वहिनी काय म्हणाल्या?"

"काही नाही. रडली नाही. म्हणाली, मी भावजींना तुमचे हात सांभाळायला सांगितले, त्यांचे सांभाळायला कुणाला सांगितलंच नाही. चूक माझीच."

तो जायला निघाला. बाहेर पाऊस होता आणि एका हातानं त्याला कोटाची बटणं लावता येत नव्हती. दोनदा प्रयत्न केला त्यानं, मग परत गजांशी येऊन उभा राहिला. मी गजांतून हात बाहेर काढले आणि खालपासून वरपर्यंत त्याची बटणं लावून दिली.